प्रकाशाने कॅन्सर मरेल, पण आधी तोंडात बॅटरी कोण मारणार?



सध्या आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक बातमी फिरते आहे. 'आता फक्त प्रकाशाने कॅन्सर बरा होणार. ऑपरेशन नाही, केमो नाही, केस गळणार नाहीत.' कोणी ती 'विज्ञानाचा विजय असो' म्हणून पुढे ढकलतं, तर कोणी 'हे आपल्या प्राचीन ग्रंथांत आधीपासूनच होतं' म्हणून. खांब पट्ट्यात काम करताना वाड्यावस्त्यांवर मला हाच प्रश्न तीन-चार घरांत विचारला गेला. 'ताई, ते लाइटवालं टाटाला मिळतं का?'

प्रश्न विचारणाऱ्याच्या घरात कोणीतरी आजारी असतं. म्हणून 'फॉरवर्ड आहे, सोडून द्या' असं म्हणून मोकळं होता येत नाही. बातमी खोटीही नाही. ती अर्धी आहे, आणि जो अर्धा भाग गाळला गेला तोच आपल्या कामाचा आहे.

आधी बातमीतलं संशोधन. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाने आणि पोर्तुगालच्या पोर्टो विद्यापीठाने मिळून एक प्रयोग प्रसिद्ध केला. कथिलाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म पापुद्रे कॅन्सरच्या पेशींत सोडायचे आणि वरून साध्या एलईडीचा, डोळ्यांना न दिसणारा तांबड्यापलीकडचा प्रकाश टाकायचा. पापुद्रे तापतात आणि पेशी मरतात. अर्ध्या तासात त्वचेच्या कॅन्सरच्या ९२ टक्क्यांपर्यंत आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या सुमारे ५० टक्के पेशी मेल्या. महागड्या लेसरऐवजी एलईडी वापरला, हे या कामाचं खरं मोल. पण या पेशी प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीतल्या होत्या. बशीतून माणसापर्यंत यायला वर्षं लागतात आणि बहुतेक शोध वाटेतच राहतात.

असं काम आपल्याकडेही झालं आहे, आणि तेही आपल्याच जिल्ह्यात. खारघर पनवेल तालुक्यात येतं, म्हणजे रायगडात. तिथे टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र आहे, अॅक्ट्रेक. आयआयटी मुंबईचे रोहित श्रीवास्तव आणि अॅक्ट्रेकचे अभिजित डे यांच्या गटांनी चरबीच्या सूक्ष्म थेंबांवर सोन्याचा मुलामा चढवून, त्यावर लेसर टाकून गाठ तापवून मारण्याचा प्रयोग उंदरांवर केला. २०१५ साली तो मोठ्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. उपचार झाल्यावर ते कण शरीरात विरघळून बाहेर पडतात, हे त्यांनी दाखवलं. शाबासकी द्यावी असंच हे काम आहे. पण तेही उंदरांवरचं.

मग माणसांवर काय आहे? आहे, आणि चांगलं जुनं आहे. याला फोटोडायनॅमिक थेरपी म्हणतात. त्याला तीन गोष्टी लागतात. प्रकाश पडला की जागं होणारं औषध, त्या औषधाला मानवेल अशा रंगाचा प्रकाश, आणि पेशीतला ऑक्सिजन. नुसतं औषध पेशीला फार काही करत नाही, नुसता प्रकाशही नाही. दोघे एका जागी आले की ऑक्सिजनचं एक अत्यंत उतावळं रूप तयार होतं आणि जिथे तयार झालं तिथलीच पेशी जाळतं. त्याचं आयुष्य इतकं क्षणाचं असतं की शेजारच्या पेशीपर्यंत पोहोचायला त्याला वेळच मिळत नाही. म्हणून जिथे प्रकाश टाकला तेवढीच जागा मरते. १९०० साली म्युनिकमध्ये ऑस्कर राब नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याला हे योगायोगाने दिसलं. रंग मिसळलेल्या पाण्यातले सूक्ष्म जीव अंधारात जगत होते आणि उजेडात मरत होते. पुढे सत्तरच्या दशकात अमेरिकेत बफेलो इथल्या कॅन्सर संस्थेत थॉमस डॉहर्टी यांनी माणसांवर काम केलं. फोटोफ्रिन हे औषध १९९३ मध्ये कॅनडात मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी आणि १९९५ मध्ये अमेरिकेत अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. म्हणजे 'आता सापडलं' म्हणून जे फिरतंय त्याचं मूळ सव्वाशे वर्षं जुनं आहे.

'ग्रंथांत होतं'वाल्यांसाठी एक टीप. बावचीचं बी आणि ऊन वापरून अंगावरच्या पांढऱ्या डागांवर उपचार करण्याची परंपरा आपल्याकडे खरोखर आहे. बावचीतलं सोरालेन हे प्रकाशाला प्रतिसाद देणारं द्रव्य आहे, आधुनिक त्वचारोगशास्त्रानेही ते घेतलं. हे कोणी नाकारत नाही. पण ज्ञान होतं हे सांगताना ते कोणाच्या अंगापर्यंत पोहोचत होतं हेही सांगा. वैद्य नाडी धरायला कोणाच्या मनगटाला हात लावत होता आणि कोणाला अंगणाबाहेरून पुडी फेकत होता, तेही सांगा.

आता गाळलेला अर्धा भाग. या उपचारात वापरला जाणारा लाल प्रकाश शरीरात फार आत जात नाही. पाच मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरभर. त्यामुळे तो वरवरच्या, लहान, लवकर सापडलेल्या गाठीवर चांगला चालतो. त्वचा, तोंडाचं अस्तर, अन्ननलिका, मूत्राशय, म्हणजे जिथे प्रकाश नेता येतो तिथे. खोल गेलेल्या, गळ्यातल्या गाठींत पसरलेल्या कॅन्सरला त्याचा बरे होण्याच्या दृष्टीने फारसा उपयोग नाही. जपानने सप्टेंबर २०२० मध्ये डोकं-मानेच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरसाठी फोटोइम्युनोथेरपी मंजूर केली आहे. हिसाताका कोबायाशी यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेत विकसित केलेल्या या पद्धतीत प्रकाशाला जागं होणारा रंग अँटिबॉडीला जोडतात आणि ती अँटिबॉडी कॅन्सरची पेशी हुडकून काढते. पण त्यात अँटिबॉडीचं महागडं औषध आलं, गाठीत प्रकाशाच्या तारा खुपसणं आलं, मोठं हॉस्पिटल आलं. आपल्या तालुक्याच्या आवाक्यात येऊ शकेल असा प्रकाश-उपचार एकच, आणि तो लहान गाठीचाच.

म्हणजे सगळा खेळ गाठ लहान असताना कोणाला तरी दिसण्याचा आहे. इथे विज्ञान संपतं आणि समाजशास्त्र सुरू होतं. माझा विषय तोच.

तोंडाचा कॅन्सर हा आपला कॅन्सर आहे असं मी मुद्दाम म्हणते. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार नवे रुग्ण होतात, आणि भारतीय पुरुषांत हा पहिल्या क्रमांकाचा कॅन्सर आहे. २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याएवढ्या प्रौढांनी बिनधुराची तंबाखू वापरत असल्याचं सांगितलं. ती तंबाखू, मशेरी, गुटखा कोण खातं हे खांबच्या नाक्यावर, धाटावच्या कंपन्यांच्या गेटवर, पेणच्या मिठागरांवर उभं राहिलं की कळतं. वीटभट्टीवर कातकरी बाई पहाटे तीनला उठते तेव्हा तिच्या पोटात अन्न नसतं, दाताला मशेरी असते. भूक मरते, झोप उडते, दात दुखत असेल तर तोही बधिर होतो. कंत्राटी कामगार बारा तासांच्या पाळीत पुडीवर पुडी तोडतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, आणि हायवेच्या टपरीवर पुडी मागितली तर मिळते. बंदी कागदावर आणि कॅन्सर गालात. त्यावर दवाखान्यात ऐकायला मिळतं, 'व्यसन करतात, मग भोगतात.' हेच वाक्य एखाद्या साहेबाच्या हृदयविकारावर, त्याच्या तळलेल्या खाण्यावर आणि बसून काढलेल्या दिवसांवर कोणी तोंडावर बोलून दाखवत नाही.

तोंडाचा कॅन्सर अचानक येत नाही. आधी पांढरा किंवा लाल चट्टा येतो, बरी न होणारी जखम येते, तिखट सोसेनासं होतं. सुपारी-गुटख्याने गाल आतून कडक होतो आणि तोंड उघडणं कमी होतं. तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर काहीतरी बिघडलं आहे. हे सगळं महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं चालतं. पोटातला किंवा फुफ्फुसातला कॅन्सर लपून राहतो. हा बिचारा उघड्यावर असतो. तोंड उघडायला सांगून बॅटरी मारली की दिसतो. तरीही आपल्या देशात तोंडाच्या कॅन्सरचे बहुतेक रुग्ण तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात डॉक्टरांसमोर येतात.

का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१९-२१ मध्ये याचं उत्तर आहे. ३० ते ४९ वयोगटातल्या भारतीय स्त्रियांपैकी कॅन्सरसाठी आयुष्यात एकदा तरी तोंड तपासून घेतलेल्या होत्या ०.९ टक्के. पुरुष १.२ टक्के. शंभरात एक. आणि हे २०१६ मध्ये केंद्र सरकारने तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी गावपातळीवर करण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढल्यानंतरचं चित्र आहे. आशाताईंच्या फॉर्मात तंबाखूचा प्रश्न आहे, तोंडातल्या न भरणाऱ्या जखमेचा प्रश्न आहे, तोंड उघडायला त्रास होतो का हाही आहे. फॉर्म भरले जातात. तोंडं उघडली जात नाहीत.

आमच्या पट्ट्यातली एक मावशी. तिच्या गालात पांढरा चट्टा होता. तो दिसल्यापासून निदान होईपर्यंत दीड वर्ष गेलं. त्या काळात ती तीन ठिकाणी दाखवून आली. मेडिकलवाल्याने जेल दिलं. एका दवाखान्यात लांबून बघून तोंड आल्याच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या ठिकाणी दात काढला. मी तिला एकच विचारलं, 'मावशी, कुणी गालात बोट घालून चाचपलं का?' ती म्हणाली, 'बोट? ते तर खुर्चीतनं उठले पन नाय.' त्या डॉक्टरांची नावं मी इथे घेणार नाही, कारण मुद्दा दोन-तीन माणसांचा नाही. पुढे तिचा अर्धा जबडा काढावा लागला. चट्टा असताना सापडला असता तर जबड्याचा प्रश्नच आला नसता.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठेवाडमधला एक प्रसंग नोंदवला आहे. तो १९२९ साली गांधींच्या 'यंग इंडिया'त पत्राच्या रूपाने आला होता. अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण बायको आजारी पडते. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही, आणि फीची हमी मिळाल्यावर येतो तोही वस्तीबाहेर उभा राहायला. थर्मामीटर तो एका मुसलमान माणसाच्या हातात देतो, तो नवऱ्याच्या हातात, नवरा बायकोला लावतो, आणि त्याच वाटेने थर्मामीटर परत येतं. डॉक्टर दुरूनच न्यूमोनिया सांगून जातो. बाई मरते. आज कोणी असं करत नाही, आणि कायद्याने करूही शकत नाही. पण मशेरीने काळी झालेली दातवळ असलेल्या कातकरी किंवा बौद्ध बाईचं तोंड हातमोजा घालून, गाल बाहेर ओढून, जिभेखाली बघणं, एवढ्या साध्या गोष्टीला जो आळस येतो, त्या आळसाची वंशावळ कुठली आहे हे मला विचारायचं आहे. गर्दी, कमी डॉक्टर, वेळ नाही, हे सगळं खरं आहे. पण त्याच गर्दीत कोणाला आत बोलावून खुर्चीवर बसवलं जातं आणि कोणाला खिडकीतून गोळ्या मिळतात, हेही आपण रोज बघतो.

याचा आकडा द्या म्हटलं तर कोण देणार? कॅन्सर नोंदणीच्या अहवालांत वय, लिंग, जिल्हा, अवयव असा हिशेब असतो. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ साली आपल्या महाराष्ट्रात, बार्शीला सुरू झाली. इतकी वर्षं झाली, पण कोणत्या टप्प्यावर कोणत्या जातीचा माणूस पोहोचला याचा तक्ता त्या अहवालांत दिसत नाही. जातनिहाय जनगणनेसाठी भांडणाऱ्या आपल्या मुलांनी ही मागणी आपल्या यादीत घालावी.

आता ज्या संशोधनाबद्दल व्हॉट्सअॅपवर कोणी लिहिलं नाही त्याकडे येते. ते झालं अलीगढमध्ये. अलीगढ मुस्लीम विद्यापीठाचं मेडिकल कॉलेज आणि बॉस्टनचे संशोधक, मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या तैयबा हसन आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचे जोनाथन सेली यांच्या गटांनी मिळून, तोंडाच्या कॅन्सरसाठी बॅटरीवर चालणारा स्वस्त एलईडी दिवा तयार केला. लेसरची खोली नको, अखंड वीज नको. गालात नीट बसतील असे दिव्याचे तोंडातले भाग थ्रीडी प्रिंटरवर छापले. मोबाइलच्या कॅमेऱ्याने गाठ बघायची सोय केली. औषध म्हणजे एएलए. आपलं शरीर रक्तातला लाल रंग बनवताना हे द्रव्य स्वतःच तयार करतं. ते जास्तीचं प्यायला दिलं की कॅन्सरच्या पेशींत त्यापासून बनणारं रंगद्रव्य साचतं आणि निळ्या उजेडात लालसर चमकतं. म्हणजे तोच उजेड गाठ दाखवायलाही कामाला येतो. मग लाल उजेड टाकायचा. जवळपास तीस रुग्णांवर, अगदी लहान, सुरुवातीच्या गाठींवर हे करून बघितलं आणि २०२२ मध्ये निष्कर्ष छापले. बहुतेकांची गाठ गेली. संख्या लहान आहे, म्हणून उड्या मारायच्या नाहीत. आजही तोंडाच्या कॅन्सरचा मुख्य उपचार ऑपरेशनच आहे. ज्यांना डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आहे त्यांनी लाइटची वाट बघत एक दिवसही घालवू नये. पण तालुक्याच्या दवाखान्यात चालेल असं काहीतरी कोणीतरी डोक्यात धरून बनवलं, ही गोष्ट मला बशीतल्या ९२ टक्क्यांपेक्षा मोठी वाटते.

इथे एका बारीक गोष्टीकडे लक्ष वेधते, कारण ती ऊन अंगावर घेणाऱ्यांची आहे. फोटोफ्रिनसारखं औषध घेतल्यावर किमान महिनाभर उन्हापासून लांब राहावं लागतं, नाहीतर त्वचा भाजते. खिडकीला पडदे असलेल्या घरातल्या माणसाला हे जमेल. मिठागरावरच्या, रस्त्याच्या कामावरच्या, भातलावणीला जाणाऱ्या माणसाला महिनाभर सावलीत बसवायचं तर त्याची मजुरी कोण देणार? एएलएमध्ये हा काळ एक-दोन दिवसांचा असतो. कोणतं औषध निवडायचं हा डॉक्टरी प्रश्न वाटतो, पण त्याचं उत्तर रोजगाराच्या चिठ्ठीवर ठरतं. संशोधन करणाऱ्यांच्या खोलीत उन्हात काम करणाऱ्या घरातला कोणी असेल तर हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारला जाईल. प्रतिनिधित्व म्हणजे फक्त नोकरीतली जागा नव्हे, असं आपण म्हणतो ते यासाठी.

आणि संशोधनात आपली माणसं नसतात असं समजू नका. असतात, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला. १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेच्या पैशातून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची मोठी चाचणी केली. सुमारे दीड लाख स्त्रिया. निम्म्यांची तपासणी साध्या व्हिनेगरने, दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन केली गेली. उरलेल्या निम्म्यांना माहिती दिली, तपासणी नाही. २०१३ मध्ये निकाल आला की तपासलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. टाळ्या वाजल्या. मग प्रश्न आला. मुंबई, उस्मानाबाद आणि तामिळनाडूतलं दिंडीगुल इथल्या अशा तीन चाचण्यांत न तपासलेल्या गटांतल्या २५४ बायका याच कॅन्सरने मेल्या. तपासणीने जीव वाचतात हे जगाला माहीत असताना त्यांना का तपासलं नाही? संशोधकांचं उत्तर होतं की भारतात नेहमीची सेवा म्हणजे तपासणी नसणंच आहे, म्हणून तुलना त्याच्याशी.

हे उत्तर पुन्हा वाचा. आपल्या वस्तीत सेवा नाही, हीच प्रयोगाची सोय. मी त्या डॉक्टरांना खलनायक ठरवत नाही, त्यांच्या कामाने दहावी शिकलेली बाई कॅन्सर शोधू शकते हे सिद्ध झालं. पण मग हिशेब पुरा करा. ज्या बायकांच्या मृत्यूंतून हे सिद्ध झालं, त्यांच्या मुली-सुनांना ती तपासणी हक्काने मिळायला हवी होती. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्याही बहुसंख्य स्त्रियांनी अशी तपासणी कधीच झाली नसल्याचं सांगितलं. उद्या प्रकाश-उपचाराच्या चाचण्या आपल्या गावात येतील. आल्या तर विरोध करू नका, आधी अट लिहून घ्या: यशस्वी झाली तर इथल्या सरकारी दवाखान्यात किती वर्षांत आणि किती रुपयांत?

तोंडाच्या बाबतीत तर सिद्ध करायचंही काही शिल्लक नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या ७ पंचायतींत १९९६ पासून डॉक्टर नसलेल्या, फक्त पदवीधर कार्यकर्त्यांनी घरोघरी तोंडं तपासली. २००५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. तंबाखू-दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. लेसर नाही, सोन्याचे कण नाहीत. बॅटरी, हातमोजा आणि दार वाजवणारा माणूस. आपल्यात बीए, एमएसडब्ल्यू करून बसलेली किती मुलं आहेत?

आता कोणी म्हणेल, आरोग्याचा आणि चळवळीचा काय संबंध, हे एनजीओचं काम. त्यांना १९२३ चा बोले ठराव आठवून देते. आपण चवदार तळ्याच्या संदर्भात त्याचं नाव घेतो, पण तो पूर्ण वाचत नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. नव्हे, एस. के. बोले यांनी मांडलेला हा ठराव (भाषणांत नाव हमखास चुकतं) फक्त पाण्याबद्दल नव्हता. सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कोर्ट, कचेऱ्या, आणि दवाखाने. दवाखाने त्यात होते. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये ठराव करून तळं खुलं केलं, कागदावर. २० मार्च १९२७ ला माणसं तळ्यावर चालत गेली तेव्हा तो कागद खरा झाला, आणि त्यासाठी डोकी फुटली. तळ्याचा सत्याग्रह आपण केला. दवाखान्याचा राहिला. महाड खांबपासून याच हायवेवर पुढे आहे, दरवर्षी आपण बसेस भरून जातो.

तर मागायचं काय? टाटाला जाणारी आणखी एक अॅम्ब्युलन्स आम्हाला नको. खांबहून परळ म्हणजे रखडलेल्या हायवेवरून पनवेल, पुढे लोकल, रात्र फुटपाथवर किंवा धर्मशाळेच्या रांगेत, आणि तीन दिवसांची मजुरी बुडाली. महात्मा फुले योजनेचं कार्ड ऑपरेशनचा खर्च उचलतं, पण मावशीच्या दीड वर्षाच्या उशिराचा खर्च कोणतंही कार्ड उचलत नाही. प्रत्येक उपकेंद्रात आठवड्यातून एक ठरलेला दिवस तोंड तपासणीचा असावा, हातमोजे आणि बॅटरीसकट. आशाताईंना या कामाचा वेगळा मोबदला मिळावा, फुकटात आणखी एक ओझं नको. पेण आणि रोह्याच्या सरकारी दवाखान्यात दंतवैद्याने चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला पाठवावा, आणि निकाल माणसाच्या फोनवर यावा. आणि अॅक्ट्रेक ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात, अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात, अलीगढसारख्या स्वस्त दिव्याचा प्रयोग व्हावा. सोन्याच्या कणांवर संशोधन जरूर करा. खारघरपासून अलिबाग काही टेक्सासएवढं लांब नाही.

आणि आपल्या बाजूचं काम. १४ एप्रिलला रक्तदान शिबिर होतं, डीजे होतो. वर्षावासात विहारात तीन महिने 'बुद्ध आणि त्याचा धम्म'चं वाचन होतं, आणि समोर बसलेल्या निम्म्या बायांच्या कमरेला मशेरीची डबी असते. वाचनाच्या एका दिवशी दंतवैद्य बोलवा. आपल्या समाजातून शिकून डेंटिस्ट झालेली मुलं-मुली आता पेण-पनवेलला आहेत, त्यांना स्टेजवर सत्काराला बोलावतो तसं कामाला बोलवा. शेजारच्या कातकरी वाडीलाही निरोप द्या. तिथली माणसं विहारात यायला बुजतात, तर आपण त्यांच्या अंगणात जाऊ.

आम्ही काही जणांनी माहिती अधिकारात एक अर्ज तयार केला आहे. तो जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाणार आहे. तुमच्या तालुक्यासाठी नाव बदलून हाच वापरा. प्रश्न तीन आहेत. मागच्या आर्थिक वर्षात रोहा तालुक्यातल्या प्रत्येक उपकेंद्रात तीस वर्षांवरच्या किती स्त्री-पुरुषांची तोंड तपासणी झाली, गावनिहाय. संशयित आढळलेल्यांपैकी किती जणांच्या चट्ट्याचा तुकडा तपासणीला गेला, आणि निकाल किती दिवसांत आला. तिसरा प्रश्न लिहिताना आमच्यातली एक आशाताई हसली, पण तो ठेवला आहे: उपकेंद्रांना या तपासणीसाठी किती बॅटऱ्या दिल्या, आणि त्यांचे सेल शेवटचे कधी बदलले.